तांबड्या, आम्लधर्मी रानात भाताला स्फुरद कधी आणि कुठे द्यावं

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड. कोल्हापूर जिल्ह्याच्या या पश्चिम पट्ट्यात ज्यांनी भातशेती नव्यानं हातात घेतली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुणी नोकरी सोडून गावाकडे आलंय, कुणाच्या वडिलांनी "आता तूच बघ" म्हणून रान सोपवलंय. पहिल्या वर्षी सगळ्यांचं लक्ष युरियावर असतं, कारण युरिया टाकला की आठ दिवसांत रान हिरवं होतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, तसं नाही. ते दिलं तरी लगेच दिसत नाही, आणि चुकलं तर कळेपर्यंत फुटव्यांचा काळ निघून गेलेला असतो.

मी पहिल्या वर्षी नेमकं हेच चुकलो. वळवाचा एक चांगला पाऊस झाला, रान वाफशावर आलं आणि मी मे महिन्यातच सुपर फॉस्फेटची, म्हणजे स्फुरदाच्या खताची, पोती खाचरात विस्कटून मोकळा झालो. रोपलागण व्हायला जुलैचा दुसरा आठवडा उजाडला. भात जगला, पण चुडाला (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्याला) तीन-चार फुटव्यांच्या पुढे गेला नाही. शेजारच्या बांधावर त्याच वाणाला दहा-बारा फुटवे होते. खत मी शेजाऱ्यापेक्षा जास्त टाकलं होतं. ते मातीत होतंच, पण पिकाच्या हाती लागत नव्हतं.

आमची माती तांबडी दिसते ती लोहामुळे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारावर हजारो वर्षं पाऊस कोसळतोय. त्यानं चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेलं, मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून माती आम्लधर्मी झाली आणि सामू (पीएच) ७ च्या बराच खाली, अनेक खाचरांत ५ ते ६ च्या दरम्यान आला. असं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला भेटलं की त्याला घट्ट धरून बसतं. स्फुरद आणि मातीची गाठ जितके दिवस आधी पडेल आणि जितकी जास्त पडेल, तितकं ते पिकाला कमी मिळतं. माझं दीड महिना आधी विस्कटलेलं खत असंच अडकलं. चांगल्या रानातही दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २५ टक्केच मिळतं. तांबड्या रानात वेळ चुकली तर त्याहूनही कमी.

त्यामुळे या जमिनीत किती पोती टाकली याच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. कधी टाकली, आणि मुळापासून किती लांब टाकली?

आधी माती तपासा, आणि पद्धत विचारून घ्या

नमुना एप्रिल-मे मध्ये, कुठलंही खत टाकायच्या आधी काढा. खाचरात नागमोडी चालत आठ-दहा जागी व्ही आकाराचा खड्डा घ्या, वीतभर खोल. खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घमेल्यात घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती नको. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या पोत्यात किंवा त्याच्या तुकड्यात बांधून नेलेला नमुना फुकट जातो. पोत्याला चिकटलेली चिमूटभर भुकटीसुद्धा स्फुरदाचा आकडा वर चढवते.

वरचं माळाकडचं खाचर आणि खालचं ओढ्याकाठचं पाणथळ खाचर यांचे नमुने वेगळे द्या. गट एक असला तरी या दोन जमिनींचा स्वभाव वेगळा असतो.

प्रयोगशाळेत एक गोष्ट आवर्जून विचारा: स्फुरद कोणत्या पद्धतीनं काढणार? काळ्या, चुनखडीच्या जमिनीसाठी ओल्सेन पद्धत वापरतात, आम्लधर्मी जमिनीसाठी ब्रे पद्धत. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानाला जे माप लावतात तेच आपल्या तांबड्या मातीला लावलं, तर शिफारस भलतीकडे जाऊ शकते. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर गाव, आधीचं पीक आणि "आम्लधर्मी, भाताचं खाचर" एवढं लिहून द्या.

पत्रिका हातात आली की तीन ओळी वाचा: सामू, उपलब्ध स्फुरद, सेंद्रिय कर्ब. सामू साडेपाचच्या खाली असेल तर पुढचं सगळं जास्त काळजीनं करा.

तरव्याला उपाशी ठेवू नका

अनेकांना हे माहीत नसतं, आणि मला तरी सगळ्यांत मोलाचं हेच वाटतं. खाचरात पाणी साठलं की आम्लधर्मी मातीचा सामू आपोआप वर सरकतो. हवा बंद होते, मातीतल्या लोहाचं रूप बदलतं, ते विरघळू लागतं आणि त्यानं धरून ठेवलेलं थोडं स्फुरदही सुटतं. दोन-तीन आठवडे पाणी राहिलं की सामू साडेसहाच्या आसपास जातो. म्हणजे लागणीच्या खाचरात निसर्ग थोडी मदत करतो.

तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेला, ही मदत मिळत नाही. गादीवाफ्यावर पाणी साठत नाही, तिथली माती आम्लधर्मीच राहते. ॲल्युमिनियम कोवळ्या मुळांना आखूड करतं आणि स्फुरद अडकलेलं राहतं. त्यात रोपाच्या दाण्यातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. असं उपाशी रोप नंतर कितीही खताच्या खाचरात लावलं तरी आठ-दहा दिवस नुसतं उभं राहतं.

आपल्याकडे जुनी माणसं तरव्याची जागा भाजायची. पालापाचोळा, शेणी, गवत पसरून जाळायची. तण मरतं म्हणून भाजायचं असं सांगतात आणि ते खरं आहेच, पण राखेनं त्या पट्टीचा आंबटपणाही कमी होतो आणि पालाश (पोटॅश) मिळतं. भाजण्यासाठी झाडं सवळावी लागतात, म्हणून मी भाजत नाही. भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळतो, तिचाही चांगला उपयोग होतो.

एका गुंठ्याच्या तरव्याला २५० किलो कुजलेलं शेणखत आणि ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट हे माप धरा. १ गुंठ्याचा तरवा साधारण १० गुंठ्यांना पुरतो. सुपर फॉस्फेट पेरणीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी वरच्या चार बोटं मातीत मिसळायचं, महिनाभर आधी नाही. सामू फारच कमी असेल तर तरव्याच्या जागी थोडा शेतीचा चुना मिसळा, पण दोन-तीन आठवडे आधी. चुना आणि सुपर फॉस्फेट एकाच दिवशी एकत्र टाकू नका, दोन्ही एकमेकांना निकामी करतात.

बियाणं आधी ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून, त्यात टाका. तरंगणारं पोल बी काढून टाका, खाली बसलेलं दोन-तीनदा चांगल्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवा. पेरायच्या आधी किलोला २५ ग्रॅम या मापानं स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत चोळा. ते स्फुरदाची जागा घेत नाही, आहे त्यातलं थोडं सोडवून देतं. पोतं वाचवायच्या नादात नुसत्या जिवाणूंवर विसंबू नका.

लागणीच्या खाचरात

पुनर्वसूच्या पावसात खाचरं भरली की पॉवर टिलर गावात मिळेनासा होतो आणि सगळी कामं एका दिवसात उरकायची घाई होते. शक्य असेल तर पहिली चिखलणी लागणीच्या आठ-दहा दिवस आधी करून पाणी कोंडून ठेवा. बांधाला खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवा. या आठ-दहा दिवसांत सामू चढायला लागतो आणि गिरिपुष्पाचा पाला घातला असेल तर तोही मुरतो. कुजणाऱ्या पाल्यातून जी आम्लं निघतात ती लोह-ॲल्युमिनियमला आधी जाऊन चिकटतात, त्यामुळे स्फुरदाला धरायला त्यांच्याकडे जागा कमी उरते. शेणखत आणि साखर कारखान्यातून मिळणारा प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) याच कामाचे, पण प्रेसमड पूर्ण कुजलेला हवा. गरम ढिगातला ताजा माल खाचरात ओतू नका.

सुपर फॉस्फेट शेवटच्या चिखलणीला, लागणीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी.

मापाचा हिशेब असा. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. माती तपासणीत स्फुरद कमी आलं तर प्रयोगशाळा ते वाढवून सांगेल, तेच खरं धरा. आपली खाचरं गुंठ्यांत मोजतात, म्हणून सोपी युक्ती: हेक्टरचा आकडा १०० ने भागा, गुंठ्याचा आकडा मिळतो. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतं. ५० किलो स्फुरदासाठी हेक्टरी ३१२ किलो सुपर फॉस्फेट लागतं, म्हणजे गुंठ्याला ३ किलोच्या थोडं वर आणि एकराला अडीच पोती. सोबत गुंठ्याला ८३० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशाचं खत) आणि सुमारे ८७० ग्रॅम युरिया. उरलेला युरिया फुटव्यांच्या वेळी तेवढाच, आणि लोंबी पोटात धरताना त्याच्या निम्मा. युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र करून ठेवलं तर पाणी सुटून गोळा होतो, मिसळायचं असेल तर टाकायच्या वेळीच मिसळा.

डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घेतलं तर त्यात ४६ टक्के स्फुरद आणि १८ टक्के नत्र असतं, गुंठ्याला १ किलो १०० ग्रॅम पुरतं आणि त्यातून येणाऱ्या नत्राइतका युरिया कमी करायचा. तरीही आपल्या रानाला मी सुपर फॉस्फेटच निवडतो. त्यात स्फुरदासोबत ११ टक्के गंधक आणि भरपूर कॅल्शियम येतं, आणि पावसानं धुतलेल्या जमिनीला दोन्हींची उणीव असते. पोती जास्त वाहावी लागतात, तेवढा त्रास आहे.

आजरा घनसाळसारखा उंच वाढणारा देशी भात असेल तर हा सगळा डोस जसाच्या तसा देऊ नका. नत्र जास्त झालं की तो लोळतो. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा भात सुवासासाठी लावायचा, पोत्यांच्या चढाओढीसाठी नाही. त्याला नत्र निम्म्यावर आणा.

खत मुळाशी नेण्याची रीत

स्फुरद मातीत चालत नाही. नत्र पाण्याबरोबर फिरतं, स्फुरदाचा दाणा जिथं पडला तिथून काही मिलिमीटरच सरकतो. म्हणून ते मुळाजवळच जायला हवं.

यासाठी आपल्याकडे तयार उत्तर आहे, डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री लागवड. त्यातली युरिया-डीएपीची ब्रिकेट, २.७ ग्रॅमची एक गोळी. रोपं १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावायची, की चार चुडांचा एक चौकोन तयार होतो. त्या चौकोनाच्या मधोमध एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबायची. लागणीच्या दिवशीच, चिखल मऊ असताना. गुंठ्याला सुमारे ६३० गोळ्या, वजनानं १ किलो ७०० ग्रॅम.

पहिल्यांदा करताना हाताला सवय नसते. गोळी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरा, बोटं मुळापर्यंत चिखलात जाईपर्यंत दाबा, गोळी सोडा, आणि हात काढताना बोटांनीच चिखल लोटून भोक बुजवा. भोक उघडं राहिलं तर गोळी पाण्यात विरघळून वर येते आणि सगळी मेहनत वाया जाते. घरातल्या दोघी दोरी धरून लावतायत आणि मागून एक माणूस गोळ्या दाबत येतोय, असं जमलं की काम सरळ चालतं. त्यानंतर काही दिवस त्या चौकोनात पाय टाकू नका.

गोळीतलं स्फुरद एका जागी दाट असल्यानं मातीला ते सगळं धरून ठेवता येत नाही. या मापात हेक्टरी साधारण ३० किलो स्फुरद जातं. तपासणीत स्फुरद कमी आलेलं असेल तर चिखलणीला गुंठ्याला सव्वा किलो सुपर फॉस्फेट वेगळं द्या. पालाश गोळीत नसतं, तेही वेगळं.

गोळ्या मिळाल्या नाहीत तर दुसरी एक रीत आहे, ती मादागास्करच्या तांबड्या भातशेतीत चांगली लागू पडली आहे. खाचरातल्या चिखलात स्फुरदाचं खत कालवून घट्ट राड करायची, तरव्याच्या पेंड्यांची मुळं त्यात अर्धा तास बुडवायची आणि चिखल चिकटलेल्या मुळांसकट रोपं लावायची. अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, मुळं भाजतात. पहिल्या वर्षी एखाद्या गुंठ्यातच करून बघा.

मेमध्ये धूळवाफ पेरणी (कोरड्या रानात थेट बी पेरणं) करणाऱ्यांनी कुरीनं, म्हणजे पाभरीनं, बियाण्याच्या ओळीतच, बियाण्याच्या थोडं खाली सुपर फॉस्फेट पेरावं. तिथं पाणी साठायला जुलै उजाडतो, तोवर रान तरव्यासारखंच वागतं. विस्कटून टाकलेलं खत इथं सर्वांत जास्त वाया जातं.

रॉक फॉस्फेट हे स्वस्त खत आम्लधर्मी मातीतच विरघळतं. ज्यांचा सामू साडेपाचच्या खाली आहे त्यांनी ते जरूर वापरावं, पण त्याची वेळ उलटी आहे: पाणी साठायच्या दोन-तीन आठवडे आधी, ओल्या मातीत मिसळून. पाणी साठलं, सामू चढला की ते विरघळणं मंदावतं. पहिल्या वर्षी सगळं स्फुरद त्यातून देऊ नका, निम्मं सुपर फॉस्फेट असू द्या.

टाकलेलं खत बांधाच्या आत राहू द्या

गगनबावड्याकडे एका रात्रीत खाचरं तुडुंब भरतात, आणि पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत खाली जातं. स्फुरद पाण्यात फारसं विरघळून जात नाही, ते गढूळ चिखलाला चिकटून जातं. म्हणून चिखलणी झाल्यावर लगेच गढूळ पाणी सोडू नका. निवळू द्या, एक-दोन दिवसांनी जादा पाणी वरच्या वर काढा. खत टाकल्यावर पाच-सहा दिवस मोरी बंद ठेवा, मोठा पाऊस सांगितला असेल तर खत एक दिवस पुढं ढकला. गगनबावड्याकडच्या खाचरांतून गेलेलं स्फुरद शेवटी पंचगंगेत उतरतं आणि तिथल्या जलपर्णीला पोसतं.

पिकाकडे बघायला शिका

लागणीनंतर तीन आठवड्यांनी खाचरात उतरा. स्फुरद कमी पडलेला भात पिवळा पडत नाही, इथंच नवीन माणूस फसतो. पानं गडद हिरवी, अरुंद आणि ताठ उभी राहतात. बांधावरून रान काळंभोर दिसतं आणि आपण खूश होतो. जवळ जाऊन फुटवे मोजा. रोप ठेंगणं, फुटवे दोन-चार, खालच्या जुन्या पानांना किंवा खोडाला जांभळी झाक, म्हणजे स्फुरदाची उपासमार. असं पीक पुढं आठ-दहा दिवस उशिरानं निसवतं. लागण होऊन वीस दिवसांच्या आत असाल तर सुपर फॉस्फेट देऊन कोळप्यानं चिखलात मिसळा. फुटवे संपून गेल्यावर दिलेलं स्फुरद या हंगामाला उपयोगी पडत नाही, तेव्हा पैसे घालवू नका.

ओढ्याकाठच्या, बाराही महिने पाझर असलेल्या खाचरात दुसरा आजार दिसतो. पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग येतो. त्याला काडी लावून बघा. तेल असेल तर फाटून पुन्हा जुळतं, लोहाचा तवंग काचेसारखा तुकडे होऊन फुटतो. खालच्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके पसरत येतात आणि पान तांबटतं. उपटलेल्या मुळांवर गंजाचा थर असतो. पाण्यानं मोकळं झालेलं लोह इथं अति झालेलं असतं. अशा खाचरात चर काढून पाझर बाहेर वळवा, फुटव्यांच्या वेळी पाणी काढून चार-पाच दिवस जमीन भेगा न पडता सुकू द्या, पालाश चुकवू नका आणि हिरवा पाला कमी घाला. स्फुरद आणि पालाश पोटभर मिळालेला भात हे लोह जास्त सहन करतो.

इथं एक सावधगिरी. केरळातलं कुट्टनाड, व्हिएतनाममधला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, इंडोनेशियातलं कालीमंतान इथल्या दलदलीच्या भातशेतीचे व्हिडिओ आणि सल्ले मोबाइलवर खूप येतात. तिथंही आम्ल जास्त, स्फुरद कमी आणि लोहाचा त्रास आहे. पण तिथल्या अनेक जमिनींच्या पोटात गंधकयुक्त लोहखनिज असतं. ती जमीन वाळली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि सामू ४ च्याही खाली कोसळतो. म्हणून ते लोक रान वाळू देत नाहीत, चुना भरपूर घालतात. आपली जमीन पावसानं धुपून आम्लधर्मी झालेली आहे, तिला पाणी काढून हवा देणं मानवतं. त्यांचं चुन्याचं माप आपल्या खाचराला लावू नका.

एक पट्टी कोरी ठेवा

पहिल्याच वर्षी, सारख्या मातीच्या खाचरात एक गुंठा दोरीनं आखून तिथं स्फुरद देऊ नका, बाकी सगळं सारखंच द्या. बांधाला खुंटी मारून ठेवा. तिथलं पाणी वेगळं राहावं म्हणून हातभर उंचीची छोटी वरंबी घाला. कापणीला दोन्हीकडचा एकेक गुंठा वेगळा झोडपा, वाळवा आणि तराजूवर तोला. साधारण १ टन भात जमिनीतून ६ ते ७ किलो स्फुरद उचलतो, त्यामुळे कोऱ्या पट्टीत पहिल्या वर्षी फरक कमी दिसला तरी पुढच्या वर्षी तीच पट्टी पुन्हा कोरी ठेवून बघा. राधानगरीच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा गावच्या कृषी सहायकांकडे जाताना हे दोन आकडे आणि माती परीक्षणाची पत्रिका सोबत न्या, सल्ला तुमच्या रानापुरता नेमका मिळेल.

भात निघाल्यावर ओलीवर हरभरा किंवा वाटाणा टोकणार असाल तर भाताला दिलेल्या स्फुरदाचा उरलेला भाग त्याला थोडा मिळतो. मात्र खाचर सुकलं की सामू पुन्हा खाली येतो आणि लोह पुन्हा स्फुरद धरायला लागतं. म्हणून कडधान्यालाही ओळीतच थोडं सुपर फॉस्फेट द्या. माती पुन्हा तपासायची ती तीन वर्षांनी, त्याच खाचरातून, त्याच एप्रिल-मे महिन्यात.